विहीणबाईंच्या हातचं

विहीणबाई गेल्या ते मला जिन्यात कळलं. मी त्यांच्या बिल्डिंगचा जिना पुसत होतो. इकडं जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये, जिन्याच्या सफाईची आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवून जातात, आणि त्या घरानं त्या आठवड्यात जिना, खालची पायवाट, सगळं लख्ख ठेवायचं. केअरवोखं म्हणतात त्याला. केर त्या शब्दातच आहे, म्हणून तो माझ्या ध्यानात राहिला. विहीणबाई दवाखान्यात होत्या, पण पाटीला त्याचं काय, ती आपली त्यांच्या दाराला येऊन लागली. आणि त्यांची पाळी म्हणजे माझीच पाळी, हे गेली काही वर्षं ठरलेलं. तर वरून पुसत पुसत मी पहिल्या मजल्याच्या खाली आलो होतो. बाहेर धुकं इतकं की खिडकीतून समोरची झाडं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. खालचं दार वाजलं आणि जावई आत आले. व्हिक्टरराव. ऐन ऑफिसच्या वेळेला. मी म्हणलं, थांबा, ओलं आहे. तेवढं मराठी त्यांना कळतं. त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि खालच्या पायरीपाशी उभे राहिले. मी आणखी दोन पायऱ्या पुसल्या आणि मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. “बाबा,” ते म्हणाले, “मामा इस्ट...” पुढचं त्यांच्यानं बोलवलं नाही. इकडं मामा म्हणजे आई.

मी फडकं पिळलं आणि राहिलेल्या पायऱ्या पुसल्या. कोणाला हे विचित्र वाटेल, वाटू दे. त्यांची पाळी होती, आणि अर्धी सोडलेली पाळी त्यांना चालली नसती. व्हिक्टरराव हातात बूट घेऊन खालच्या पायरीवर बसून राहिले. मी पुसत त्यांच्यापर्यंत आलो तेव्हा ते जरा सरकले, मी तेवढी जागा पुसली, ते परत तिथंच बसले...

मी बार्शीकडचा. चौथी पास, तीही मास्तरांनी ढकलली म्हणून. साखर कारखान्यात बॉयलरपुढं उभा जन्म गेला. लिहिणं हे काही माझं काम नाही. पण विहीणबाईंबद्दल मराठीत दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच बसलो. अक्षर माझं, टायपिंग वैशूचं, म्हणजे माझ्या मुलीचं. मध्येमध्ये ती सुधारायला बघते. मी सुधारू देत नाही.

त्यांचं नाव लीडिया. बाई जर्मन, पण जर्मनी त्यांनी पहिल्यांदा बघितली ती पन्नाशीला टेकल्यावर. त्यांचे वाडवडील कधीकाळी इकडून रशियात शेती करायला गेले होते. मग लढाई लागली, आणि जर्मन म्हणून अख्ख्या गावाला आगगाडीत घालून कझाकस्तानच्या माळावर नेऊन सोडलं. विहीणबाई त्या माळावरच जन्मल्या. तिथं लोक त्यांना जर्मन म्हणायचे. नवरा आणि पोरगा घेऊन इकडं आल्या, तर इकडचे लोक त्यांना रशियन म्हणायला लागले. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. हसायच्या आणि म्हणायच्या, जा जा, म्हणजे हो हो. गाड्यांच्या सीटा शिवायच्या कारखान्यात लागल्या, नवरा लवकर गेला, पोराला इंजिनियर केला, आणि त्या पोरानं पुण्याहून शिकायला आलेली माझी वैशू पसंत केली. अशी ही सोयरीक.

इकडच्या रोजच्या बोलण्यात व्याह्याला आणि विहिणीला शब्दच नाही. मग हे लोक एकमेकांना काय म्हणतात, असं मी वैशूला विचारलं, तर म्हणाली, नावानं हाक मारतात. मला काही ते पटलं नाही. पण विहीणबाईंकडं रशियन भाषेतला शब्द होता, स्वात. मी आलो त्या दिवशी विमानतळावर त्यांनी दुरूनच ‘स्वात’ म्हणून हाक मारली, आणि वैशूनं अर्थ सांगितल्यावर मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या देशात एका माणसाला तरी माझं नातं ठाऊक होतं. मी त्यांना शेवटपर्यंत विहीणबाईच म्हणलं. त्या मला स्वात. बाकी आमच्यात भाषा अशी नव्हतीच. त्या त्यांच्या जुन्या जर्मनमधून बोलायच्या, मी मराठीतून. अडलं तर हात होते, आणि फारच अडलं तर वैशूला फोन.

आता आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घराण्यात मुलीच्या घरी जेवत नाहीत. बाकीचे लोक नातवंड झालं की मोकळे होतात. आमच्यात तेही नाही, मरेपर्यंत नाही. माझे वडील माझ्या बहिणीला भेटायला उन्हातान्हात चालत जायचे, ओसरीवर बसायचे, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि गावाबाहेरच्या विहिरीवर पाणी पिऊन परत फिरायचे. मुलगी दिली, आता तिच्या घरचं घ्यायचं काही नाही. ते मला अजून दिसतात... विहिरीच्या काठावर वाकलेले, ओंजळीतलं पाणी कोपरावरून गळतंय. आमची ही गेली, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, घरात मी एकटा, तेव्हा वैशूनं ऑफिसांत खेटे घातले, कागद केले आणि मला इकडं आणलं. एकुलती एक पोरगी. तिच्याजवळ राहीन असं मी कबूल केलं होतं. जेवीन असं कबूल केलं नव्हतं. मुलीच्या घरी राहायला आमच्यात मनाई नाही, कारण तसं आजवर कोणी राहिलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं भरली वांगी केली होती. तुर्की दुकानातून लहान लहान वांगी शोधून आणलेली. मी ताटावर बसलो नाही. माझ्या बॅगेत तांदूळ होता, डाळ होती, तिखट होतं. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना समोरच्या बांधकामावर गेलो, खुणेनं तीन विटा मागितल्या, रानातून काटक्या आणल्या आणि गॅलरीत चूल मांडली. शेगडी तिची, वीज तिची, पण काटक्या रानातल्या. खिचडी शिजत आली आणि खाली भोंगा वाजवत लाल गाडी येऊन उभी राहिली. डोक्यावर टोप घातलेले गडी धडाधड वर आले. त्यांच्यातल्या मोठ्यानं आधी चूल बघितली, मग पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणलं, बसा. ते काही बसले नाहीत. वैशू ऑफिसातून धावत आली. ओरडली नाही. विझवलेल्या चुलीपुढं उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, घरात शेगडी आहे. घरात तुमची पोरगी आहे.” मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी विहीणबाई आल्या. त्यांची दोन खोल्यांची जागा बसनं दोन थांबे लांब, तिथं त्या एकट्या राहायच्या. वैशूनं त्यांना सगळं सांगितलं असणार. मला वाटलं, आता ह्या माझी समजूत घालणार, आणि मी मनातल्या मनात उत्तरं जुळवून ठेवली. त्यांनी चमचा घेतला, पातेल्यातली गार खिचडी उभ्याउभ्या खाल्ली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “आल्झो.” कुठलंही काम हातात घ्यायच्या आधी त्या हे म्हणायच्या. आपलं ‘तर मग’ म्हणतो तसं. सकाळी तयार राहा, एवढं व्हिक्टररावांकडून मला सांगितलं आणि गेल्या. माझी उत्तरं तशीच राहिली.

गाव संपून रान सुरू होतं तिथं लोकांनी भाड्यानं घेतलेल्या छोट्या छोट्या बागा आहेत, प्रत्येकीत एक लाकडी खोपट. त्यातली एक विहीणबाईंची. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बागेवर धुकं उतरलेलं होतं, सफरचंदाची झाडं नुसती सावल्यांसारखी. एका ओंडक्यात कुऱ्हाड रोवलेली होती. त्यांनी कुऱ्हाडीकडं बोट दाखवलं, मग लाकडांच्या ढिगाकडं, मग खोपटातल्या चुलीवरच्या पातेल्याकडं, आणि शेवटी माझ्याकडं. मला समजलं. मी सदरा काढून ठेवला. दुपारपर्यंत लाकूड फोडलं, रचलं. मग त्यांनी ताटली पुढं ठेवली. बटाट्याचं पातळ कालवण, त्यावर घट्ट आंबूस दही आणि बारीक चिरलेला शेपू. शेपू! बार्शीच्या बाजारात सोडून आलेला शेपू मला जर्मनीच्या रानाशेजारी भेटला. मी जेवलो. काम केलं होतं, म्हणजे ती मजुरी होती. मजुरीचं जेवायला आमच्या घराण्यात मनाई नाही. आणि बाग काही वैशूची नव्हती.

पुढं कधीतरी त्यांनी सांगितलेलं वैशूनं मराठीत करून दिलं तेव्हा कळलं, विहीणबाईंना मी वेगळा वाटलोच नव्हतो. त्यांच्या गावाला माळावर नेऊन सोडलं तेव्हा एका कझाक बाईनं त्यांच्या आईला घरात घेतलं. आई फुकट जेवायला तयार नव्हती. आधी त्या घरची लोकर धुऊन द्यायची, मगच पोरांना घास भरवायची. ती कझाक बाई शहाणी. तिनं कधी आग्रह केला नाही, फक्त रोज धुवायला लोकर काढून ठेवायची, धुतलेलीसुद्धा... विहीणबाई हे सांगताना हसत होत्या, आणि मला एकदम आठवलं की मी फोडलेली लाकडं त्यांनी कधी पुरी जाळलीच नाहीत. खोपटामागं त्यांची भिंत उभी राहिली होती.

अशी वर्षं गेली. आता ती मला वेगळीवेगळी आठवत नाहीत. एकच मोठी सकाळ असल्यासारखी वाटतात. धुकं, कुऱ्हाडीचा आवाज, लांबून चर्चची घंटा, आणि खोपटाच्या पायरीवर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या विहीणबाई, डोक्याला रुमाल बांधलेला. माळाबद्दल सांगायच्या. मला त्यातला एखादा शब्द लागायचा. वारा, घोडा, बर्फ, आई. बाकीचं मी माझ्या मनानं भरायचो. तो माळ मी कधी बघितला नाही, पण आता डोळे मिटले की दिसतो, आणि त्याच्या कडेला कुठंतरी आमच्याकडची बाभळीची रांग उभी असते, माझी आई तिथून डोक्यावर काहीतरी घेऊन येत असते, आणि त्यांची आईसुद्धा तिथंच कुठंतरी...

एकदा त्यांनी हातानं काहीतरी थापायची खूण केली. गोल, मग भिंतीवर. मी बघतच राहिलो. म्हणलं, गोवऱ्या? मीही तसंच थापून दाखवलं. त्या उठून उभ्या राहिल्या. माळावर झाड नाही, त्यामुळं चुलीला शेणच. त्यांच्याकडंही बायका भिंतीला थापायच्या, बोटांचे ठसे उमटायचे, आणि ठशांवरून कोणाची गोवरी ते ओळखायचे. आमच्याकडंही तसंच. दुसऱ्या दिवशी विहीणबाई जवळच्या गोठ्यावरून शेणाच्या दोन बादल्या हातगाडीवर घालून घेऊन आल्या. भुसा मिसळला, बाह्या वर सारल्या, आणि आम्ही दोघांनी खोपटाच्या दक्षिणेकडच्या भिंतीला गोवऱ्या थापल्या. त्यांच्या माझ्यापेक्षा गोल आल्या. माझ्या वाकड्या झाल्यावर त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मी म्हणलं, विहीणबाई, आमच्यात हे बायकांचं काम आहे. त्यांना शब्द कळले नसतील, सूर कळला. शेणाचा हात त्यांनी माझ्या सदऱ्याला पुसला.

बागांच्या मंडळाचा अध्यक्ष एक उंच, सभ्य म्हातारा. कुत्रं घेऊन रोज फेरी मारायचा. तो कुंपणापाशी थांबला आणि भिंतीकडं बघत राहिला. हे काय आहे, त्यानं विचारलं. विहीणबाई न अडखळता म्हणाल्या, ही भारतातली कला आहे. हे माझे स्वात, ते भारतातले आहेत. अध्यक्षानं माझ्याकडं आदरानं बघितलं. मीही मान डोलावली, म्हणलं, गेनाऊ. तेवढा शब्द मला येत होता, अगदी बरोबर अशा अर्थाचा. त्यानं फोटोसुद्धा काढला. कुत्र्याला मात्र कळलं होतं, ते भिंत सोडायला तयार होईना.

वाळल्यावर एका थंड दुपारी आम्ही चार गोवऱ्या चुलीत घातल्या. तो धूर... काय सांगायचं. निळसर, जड, हळूहळू वर जाणारा. खोपटाच्या दारातून तो बाहेर गेला आणि बागेवर पसरला. विहीणबाई पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मीही शेजारी टेकलो. किती वेळ कोण जाणे. मला घरचा दिवेलागणीचा वास येत होता, त्यांना कुठला येत होता ते त्यांनाच ठाऊक, पण धूर एकच होता. त्यांनी डोळे न उघडता हळूच एक शब्द उच्चारला, तो रशियन नव्हता आणि जर्मनही नव्हता. कझाक असावा. मी विचारलं नाही. मग कुंपणापाशी अध्यक्ष येऊन उभा राहिला, शेजारच्या बागेत पाहुणे मांस भाजत होते आणि धूर सगळा तिकडं गेला होता. त्यानं नाकाला रुमाल लावला होता, तरी आवाज सभ्यच. त्याला आता कला कळली होती. उरलेल्या गोवऱ्या आम्ही खतात टाकल्या. टाकताना विहीणबाई तोंडावर हात धरून हसत होत्या, शाळेतल्या पोरीसारख्या.

हिवाळ्यात बागेचं पाणी बंद करतात. पहिल्या हिवाळ्यात माझ्यापुढं प्रश्न आला. विहीणबाईंच्या घरी जेवायचं तर ते वैशूचं सासर की नाही? मी दोन दिवस विचार केला. कुलूप वेगळं, भाडं वेगळं, दारावर नाव विहीणबाईंचं. म्हणजे सासर ते नाही. पण फुकट बसायचं कसं? त्यांनी दाराला लागलेली पाटी मला दाखवली आणि फडकं हातात दिलं. म्हणून जिना माझ्याकडं आला. बिल्डिंगमधले लोक आधी बिचकायचे, मग गूटन मोर्गन म्हणायला लागले. माझा तांदूळ, बेसन, तिखट मी त्यांच्याच कपाटात ठेवायला लागलो. त्या माझं पिठलं खायला शिकल्या, नाक पुसत पुसत.

वैशूला हे सगळं कसं लागत होतं, ते मला दिसत नव्हतं असं नाही. बाप तिच्याच घरात झोपायचा, सकाळी उठून तिच्या सासूकडं जेवायला जायचा.  रविवारी विहीणबाई तिच्याकडं जेवायला जायच्या, तेव्हा मी फिरायला तळ्यावर. माझी नात मीरा, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देते, तिनं एकदा आईला विचारलं, आजोबांना आपलं जेवण आवडत नाही का? मी पलीकडच्या खोलीत होतो. वैशूनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. 

आणि ह्याच वैशूला त्या बाईनं पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. मीरा झाली तेव्हा आमच्या हिला व्हिसा मिळाला नाही. ही तिकडं बार्शीत रडायची. विहीणबाईंनी कारखान्यातून रजा काढली आणि वैशूच्या घरी मुक्कामाला गेल्या. रोज व्हिडिओचा फोन लावून ठेवायचा, ही बार्शीहून सांगायची, वैशू जर्मनमध्ये सांगायची, आणि विहीणबाई करायच्या. बाळाला अंगाला तेल, ते सूर्यफुलाचं. बाळंतिणीला शेक, तो गरम पाण्याच्या रबरी पिशवीचा. डिंकाचे लाडू आम्ही पाठवले ते त्यांनी वास घेऊन आधी स्वतः खाल्ले, मग वैशूला दिले. मीराला निजवताना गाणं त्यांचं आणि मांडीची लय आपली, असं ही म्हणायची. फोनवर त्या दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या, बोलायला काही नाही, नुसत्या बघत बसायच्या... आमची ही जाताना मला म्हणाली होती, पोरीची काळजी नाही, तिकडं तिला आई आहे.

शेवटची भेट दवाखान्यात. छातीत पाणी झालं होतं. मी एकटाच बसनं गेलो. खिडकीबाहेर पानं गळालेलं एक झाड, त्यावर पांढरा उजेड. विहीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या, डोक्याला रुमाल नव्हता. रुमालाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं, केस अगदी मऊ, लहान मुलाच्या जावळासारखे. मी म्हणलं, पाटी आली आहे दाराला, मी करतो सगळं. त्या ‘गूट’ म्हणाल्या, म्हणजे बरं.  मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि जेवायची खूण केली. मग स्वतःकडं बोट केलं आणि पातेल्यात डाव फिरवायची. दोन्हीला मान डोलावली, म्हणजे हे ठीक चाललं. मग म्हणाल्या, “वैशाली,” आणि रिकामा तळहात माझ्यापुढं धरला.

मी खिडकीबाहेर बघितलं. हात तसाच होता. मी म्हणलं, “आमच्यात तसं चालत नाही, विहीणबाई.” त्यांना शब्द कळले नसतील, सूर कळला असणार. त्यांनी हात चादरीवर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाल्या, “जा, जा, स्वात.” रागावल्या नव्हत्या. बसस्टॉपवर बस आली, गेली, दुसरी आली. मी बसून राहिलो.

माती द्यायला इकडं बरेच दिवस लावतात. त्यांनाही लावले. खड्ड्यापाशी मातीचं भांडं आणि छोटं फावडं ठेवलेलं होतं, लोक फावड्यानं माती टाकत होते. मी हातानं टाकली. त्याच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या दिवसाचं, जिना पुसून झाल्यावरचं.

आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी बाहेरून पिठलं-भात न्यायचा आणि घरच्यांना दोन घास खायला लावायचे. कडू घास म्हणतात त्याला. सुनेच्या माहेरानं हे करायचं असतं, आणि वैशूचं माहेर म्हणजे आता मीच. व्हिक्टरराव आईच्या खोलीत जाऊन बसले. मी विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो, कपाटातून माझं बेसन काढलं, कांदा चिरला, दुखवट्याचं घर आता वैशूचं, म्हणून त्यांच्या चुलीवर भात टाकला. त्या चुलीवर ते शेवटचं शिजलं. दोन्ही भांडी फडक्यात बांधली, आणि आम्ही दोघं धुक्यातून चालत वैशूकडं गेलो. बसनं जायचं दोघांनाही सुचलं नाही. रस्त्यात व्हिक्टररावांनी माझ्या हातातलं एक भांडं घेतलं.

वैशूचे डोळे सुजलेले होते. मीरा शाळेतून येऊन कोपऱ्यात बसली होती. मी ताटं मांडली, तिघांची. भात वाढला, पिठलं घातलं. व्हिक्टररावांनी ताटाकडं बघितलं आणि चमचा उचललाच नाही. मी म्हणलं, खायला पाहिजे, दोन घास. त्यांनी वर बघितलं आणि तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाले, “बाबा, तुम्ही पण.” मी नाही म्हणलं. मग ते नुसते बसून राहिले. वैशू बसली, मीरा बसली, भात निवायला लागला. कडू घास भरवणाऱ्यानं सोबत खायचं असतं, हीसुद्धा आमच्यातलीच रीत आहे. दुखवट्यातल्या माणसाला एकट्याला जेवायला लावत नाहीत. आता एक रीत म्हणत होती बस आणि दुसरी म्हणत होती बसू नको, आणि माझ्यापुढं एक आई गेलेलं पोर होतं. मला वडील आठवले, विहिरीवर वाकलेले. मी मनात त्यांना सांगितलं, हे माझ्या हातचं आहे, दुसऱ्याच्या चुलीवरचं आहे. 

टेबलाला एकच खुर्ची रिकामी होती, भिंतीकडची. वैशूची नजर तिच्यावर गेली, तेव्हा मला कळलं ती कोणाची. मी चौथं ताट घेतलं आणि त्या खुर्चीवर बसलो. व्हिक्टररावांनी चमचा उचलला. चौघं जेवलो, नुसता चमच्यांचा आवाज. भात थोडाच होता, तो संपला. व्हिक्टररावांच्या ताटात पिठलं उरलं होतं आणि ते खायला लागले होते, म्हणून वैशू उठली, तिनं तिच्या डब्यातला तांदूळ काढला, धुतला, आणि तिच्या शेगडीवर ठेवला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नसते, पण मी तिला थांबवलं नाही.

त्या खुर्चीवरून शेगडी समोर दिसते. वैशूची पाठमोरी मान, वर बांधलेले केस, झाकणातून येणारी वाफ, आणि खिडकीच्या काचेवर हळूहळू धरत जाणारं धुकं. तिची आई अशीच उभी राहायची, एक पाय जरा दुमडून. एवढी वर्षं ह्या घरात राहून मी माझ्या पोरीला स्वयंपाक करताना कधी बघितलं नव्हतं. दर रविवारी विहीणबाई इथं बसून हेच बघत असणार... मी बघत राहिलो. तांदळाचा वास सुटला.

मग ती वळली. हातात भाताचं भांडं होतं. आधी तिनं नवऱ्याला वाढलं, मग मीराला. मग माझ्या ताटाजवळ येऊन थांबली. डाव हातात, पण खाली येईना. हा भात माझा नव्हता आणि विहीणबाईंचाही नव्हता, ते तिला माहीत होतं आणि मलाही.

“बाबा,” ती म्हणाली, “वाढू?”

मी ताट पुढं केलं.